झादरान, इब्राहीम

(१२ डिसेंबर २००१ – ). अफगाणिस्तानचा सलामीचा फलंदाज व विश्वचषक क्रिकेट स्पर्धेत शतक झळकविणारा पहिला अफगाण खेळाडू. उजव्या हाताने फलंदाजी करतो. जन्म आग्नेय अफगाणिस्तानातील खोस्त प्रांतात. खोस्त, पक्तिया व पक्तिका या प्रांतांत वस्ती असलेल्या एका पश्तून जमातीचे नाव ‘झादरान’ असे असून त्या जमातीतील अनेक खेळाडू ते आडनावाप्रमाणे लावतात. साहजिकच अफगाण संघाच्या धावफलकावर एकाहून अधिक झादरान आढळतात व ते सर्व एकाच कुटुंबातील असतात असे नाही. इब्राहीमच्या बाबतीत मात्र नात्याचा धागा खराच आहे. अफगाणिस्तानच्या २००९ मधील पहिल्या अधिकृत एकदिवसीय सामन्यात खेळलेला सलामीवीर नूर अली झादरान हा त्याचा, एका पिढीने वडील असलेला, निकटचा आप्त होय.

पार्श्वभूमी : इब्राहीमच्या कारकिर्दीचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी अफगाण क्रिकेटची वाटचाल थोडक्यात पाहणे इष्ट ठरते. १९७९ मधील सोव्हिएट लष्करी हस्तक्षेपानंतर लक्षावधी अफगाणांनी पाकिस्तानात आश्रय घेतला. पेशावरच्या परिसरातील निर्वासितांच्या छावण्यांत वाढलेल्या मुलांनी हा खेळ तेथेच आत्मसात केला आणि मायदेशी परतताना तो बरोबर नेला. १९९५ मध्ये अफगाण क्रिकेट संघटना स्थापन झाली. २००१ मध्ये, म्हणजे इब्राहीमच्या जन्माच्याच वर्षी, तिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे संलग्न सदस्यत्व मिळाले. २००८ मध्ये जर्सी बेटावर भरलेली जागतिक साखळीतील पाचव्या श्रेणीची स्पर्धा अफगाण संघाने जिंकली. त्यानंतर २००९ मध्ये एकदिवसीय सामन्यांचा दर्जा, २०१५ मध्ये विश्वचषक स्पर्धेत प्रवेश व जून २०१७ मध्ये कसोटी दर्जा, असे टप्पे या संघाने अल्पावधीत गाठले. अवघ्या नऊ वर्षांत पाचव्या श्रेणीतून कसोटी क्रिकेटपर्यंत झालेली ही चढण क्रिकेटच्या इतिहासात असाधारण मानावी लागेल.

या चढणीचे श्रेय मुख्यत्वे गोलंदाजांकडे जाते. रशीद खान, मुहम्मद नबी, मुजीब उर रहमान यांसारख्या फिरकी गोलंदाजांनी संघाला नावलौकिक मिळवून दिला. फलंदाजी मात्र दीर्घकाळ मागे राहिली. याची कारणे खेळाच्या स्वरूपातच आहेत. मनगटाचे व बोटांचे कौशल्य ओबडधोबड मैदानावरही कमावता येते. परंतु सलामीच्या फलंदाजाला विश्वासार्ह खेळपट्टी, नव्या चेंडूचा नियमित सराव आणि अनेक दिवस चालणारे सामने यांची गरज असते. यांपैकी कोणतीच गोष्ट अफगाणिस्तानात सहजसाध्य नव्हती. सुरक्षिततेच्या अभावी आंतरराष्ट्रीय सामने मायदेशी भरविता येत नसल्याने शारजा, ग्रेटर नोएडा, डेहराडून, लखनौ अशा परक्या मैदानांनाच ‘घरचे मैदान’ मानून हा संघ खेळत आला. जून २०१८ मध्ये बंगळुरू येथे भारताविरुद्ध झालेल्या पहिल्या कसोटी सामन्यात अफगाणिस्तानचे दोन्ही डाव एकाच दिवसात आटोपले व सामना दोन दिवसांत संपला. संयमाने डाव बांधणाऱ्या फलंदाजाची उणीव त्या पराभवाने स्पष्ट केली. ती भरून काढणाऱ्या पिढीत इब्राहीम अग्रभागी आहे.

आरंभीची कारकीर्द : जानेवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडमध्ये झालेल्या एकोणीस वर्षांखालील खेळाडूंच्या विश्वचषक स्पर्धेत अफगाण संघाने उपांत्य फेरी गाठली. क्राइस्टचर्च येथील उपउपांत्य सामन्यात यजमान न्यूझीलंडविरुद्ध इब्राहीम व यष्टिरक्षक-फलंदाज रहमानुल्ला गुरबाझ यांनी शतकी सलामी दिली. पुढे ज्येष्ठ संघातही ही जोडी कायम राहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये चितगाव येथे बांगला देशाविरुद्ध इब्राहीमने कसोटी पदार्पण केले. त्या वेळी त्याला अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. दुसऱ्या डावात त्याने ८७ धावा केल्या व अफगाणिस्तानने तो सामना २२४ धावांनी जिंकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लखनौ येथे वेस्ट इंडीजविरुद्ध तो पहिला एकदिवसीय सामना खेळला.

एकदिवसीय सामन्यांतील त्याचे पहिले शतक (नाबाद १२०) जून २०२२ मध्ये हरारे येथे झिंबाब्वेविरुद्ध झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पल्लेकेले येथे श्रीलंकेविरुद्धच्या मालिकेत त्याने १०६ व १६२ अशा दोन शतकी खेळ्या केल्या. यांतील १६२ ही तोवरची अफगाण फलंदाजाची सर्वोच्च एकदिवसीय धावसंख्या होती; तथापि तो सामना श्रीलंकेने जिंकला. जुलै २०२३ मध्ये चितगाव येथे बांगला देशाविरुद्ध त्याने १०० व गुरबाझने १४५ धावा करून पहिल्या गड्यासाठी २५६ धावांची भागीदारी रचली. या जोडीचे गुण परस्परपूरक आहेत : गुरबाझ पहिल्या चेंडूपासून आक्रमण करतो, तर इब्राहीम दुसरे टोक सांभाळून डावाला लांबी देतो.

विश्वचषक स्पर्धा, २०२३ : भारतात झालेल्या या स्पर्धेने इब्राहीमचे नाव सर्वतोमुखी केले. २३ ऑक्टोबर रोजी चेन्नई येथे पाकिस्तानविरुद्ध २८३ धावांचे लक्ष्य गाठताना त्याने ८७ धावा केल्या व अफगाणिस्तानने आठ गडी राखून विजय मिळविला. एकदिवसीय सामन्यांत पाकिस्तानवर अफगाणिस्तानचा हा पहिलाच विजय होता. त्याच महिन्यात पाकिस्तान सरकारने कागदपत्रे नसलेल्या परकीयांना देश सोडून जाण्याचा आदेश दिला होता व त्याची झळ प्रामुख्याने अफगाण निर्वासितांना बसत होती. सामनावीराचा पुरस्कार स्वीकारताना इब्राहीमने तो पाकिस्तानातून परत पाठविल्या जाणाऱ्या आपल्या देशबांधवांना अर्पण केला. निर्वासितांच्या छावण्यांतून ज्या देशाच्या क्रिकेटचा उगम झाला, त्या देशाच्या एकवीस वर्षांच्या खेळाडूचे हे उद्गार खेळापुरते मर्यादित राहिले नाहीत.

७ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध सामना होता. आदल्या दिवशी सचिन तेंडुलकरने अफगाण खेळाडूंची भेट घेतली होती व त्या संभाषणाने आपणास आत्मविश्वास मिळाल्याचे इब्राहीमने नंतर सांगितले. सलामीला येऊन तो पन्नास षटकांअखेर नाबाद राहिला. १४३ चेंडूंत त्याने नाबाद १२९ धावा केल्या व संघाची धावसंख्या ५ बाद २९१ झाली. उत्तरादाखल ऑस्ट्रेलियाची अवस्था ७ बाद ९१ अशी झाली असता ग्लेन मॅक्सवेलने पायांत पेटके येत असतानाही नाबाद २०१ धावा करून सामना खेचून नेला. या अपूर्व द्विशतकाच्या झगमगाटात इब्राहीमच्या शतकाकडे काहीसे दुर्लक्ष झाले. परंतु ॲडम झॅम्पा, मिचेल स्टार्क, जॉश हेझलवुड व पॅट कमिन्झ यांच्यासमोर संपूर्ण डाव खेळून काढणारा सलामीवीर अफगाणिस्तानला लाभला, ही गोष्ट त्या दिवशी सिद्ध झाली. स्पर्धेतील नऊ सामन्यांत त्याने एकूण ३७६ धावा केल्या. त्याच्या संघात त्या सर्वाधिक होत्या.

कर्णधारपद व कसोटी शतक : रशीद खान पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे अनुपस्थित असता जानेवारी २०२४ मध्ये भारताविरुद्धच्या टी-ट्वेंटी मालिकेत इब्राहीमने संघाचे नेतृत्व केले. या मालिकेतील बंगळुरूचा सामना बरोबरीत सुटून त्याचा निर्णय दुसऱ्या ‘सुपर ओव्हर’मध्ये लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोलंबो येथे श्रीलंकेविरुद्ध पस्तीस वर्षांच्या नूर अलीने कसोटी पदार्पण केले. त्याला कसोटीची टोपी प्रदान करण्याचा मान इब्राहीमला मिळाला आणि घराण्यातील या दोन पिढ्या एकत्रच सलामीला उतरल्या. दुसऱ्या डावात दोघांनी शतकी भागीदारी केली व इब्राहीमने ११४ धावा करून पहिले कसोटी शतक पूर्ण केले. सामना मात्र श्रीलंकेने दहा गडी राखून जिंकला.

त्याच वर्षी जूनमध्ये वेस्ट इंडीज व अमेरिकेत झालेल्या टी-ट्वेंटी विश्वचषक स्पर्धेत इब्राहीम व गुरबाझ यांनी युगांडा, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांच्याविरुद्ध अनुक्रमे १५४, १०३ व ११८ धावांची सलामी दिली. हे तिन्ही सामने जिंकून अफगाणिस्तानने उपांत्य फेरी गाठली. तेथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यांचा संपूर्ण संघ ५६ धावांत बाद झाला. सप्टेंबरमध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या ग्रेटर नोएडा येथील कसोटीपूर्वी सराव करताना इब्राहीमचा घोटा दुखावला. तो सामना एकही चेंडू न टाकता रद्द झाला. इब्राहीमला मात्र त्यानंतर कित्येक महिने खेळापासून दूर राहावे लागले.

लाहोरची खेळी : २६ फेब्रुवारी २०२५ रोजी लाहोरच्या गद्दाफी स्टेडियमवर चँपियन्स करंडक स्पर्धेत अफगाणिस्तान व इंग्लंड यांची गाठ पडली. जोफ्रा आर्चरच्या माऱ्यापुढे अफगाणिस्तानचे तीन गडी ३७ धावांत बाद झाले होते. इब्राहीमने कर्णधार हशमतुल्ला शाहिदीसह १०३ धावांची भागीदारी करून डाव सावरला. पहिल्या शंभर धावांसाठी त्याने १०६ चेंडू घेतले; पुढील ७७ धावा मात्र अवघ्या ४० चेंडूंत काढल्या. त्याच्या १७७ धावांत १२ चौकार व ६ षटकार होते. बेन डकेटने चारच दिवसांपूर्वी याच मैदानावर केलेला १६५ धावांचा विक्रम मोडून त्याने स्पर्धेतील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या आपल्या नावे केली. अफगाणिस्तानच्या ३२५ धावांना उत्तर देताना जो रूटच्या १२० धावा होऊनही इंग्लंडचा डाव ३१७ धावांत संपला. अजमतुल्ला उमरझाईने पाच बळी घेतले. आठ धावांच्या या पराभवाने इंग्लंडचे स्पर्धेतील आव्हान संपुष्टात आले.

हा सामना खेळला जावा की नाही, याविषयीच आधी वाद झाला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने सत्ता हाती घेतल्यानंतर अफगाण स्त्रियांचे क्रिकेट बंद पडले. २०२० मध्ये मंडळाने करारबद्ध केलेल्या पंचवीस महिला खेळाडूंपैकी बहुतेकींनी देश सोडला व त्यांतील अनेकींनी ऑस्ट्रेलियात आश्रय घेतला. ऑस्ट्रेलियाने अफगाण पुरुष संघाबरोबरचे नियोजित द्विपक्षीय सामने टाळले. जानेवारी २०२५ मध्ये दीडशेहून अधिक ब्रिटिश लोकप्रतिनिधींनी लाहोरच्या सामन्यावर बहिष्कार घालावा, असे आवाहन केले. इंग्लंडच्या मंडळाने ते मान्य केले नाही. अशा रीतीने पुरुष संघाचा प्रत्येक विजय एका बाजूने त्रस्त देशाचा आनंद, तर दुसऱ्या बाजूने त्याच देशातील मुलींना नाकारलेल्या खेळाची आठवण ठरतो. इब्राहीमच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना ही दुसरी बाजू वगळता येत नाही.

मूल्यमापन : इब्राहीमच्या फलंदाजीचा पाया संयम व चेंडूची निवड हा आहे. टी-ट्वेंटी सामन्यांत त्याची धावगती मंद असल्याची टीका काही वेळा होते व ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु एकदिवसीय सामन्यांत हाच गुण संघाचा आधार ठरला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबी येथे बांगला देशाविरुद्ध लागोपाठच्या दोन सामन्यांत तो ९५ धावांवर बाद झाला. तिन्ही सामने मात्र अफगाणिस्तानने जिंकले. कसोटी सामने फारच थोडे वाट्यास येत असल्याने प्रदीर्घ क्रिकेटमधील त्याची खरी क्षमता अद्याप पुरती कसाला लागलेली नाही. हरारे, पल्लेकेले, चितगाव, मुंबई, कोलंबो व लाहोर ही त्याच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय शतकांची स्थळे होत. त्यांत एकही अफगाणिस्तानातील नाही. स्वदेशाच्या भूमीवर आंतरराष्ट्रीय सामना न खेळता स्वदेशाचे विक्रम रचणे, हे या फलंदाजाच्या व त्याच्या पिढीच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य होय.