कचऱ्याखालचे अस्तर

शहराचा कचरा एकदा भूमीच्या स्वाधीन केला म्हणजे त्याचा बंदोबस्त झाला, अशी नोंद नगरपालिकेच्या दप्तरी होत असली, तरी त्या ढिगातून पाझरणारे काळसर, अमोनिया व क्लोराइड यांनी युक्त असे पाणी पुढे कित्येक दशके विहिरींची वाट शोधीत राहते. आणि म्हणूनच २०१६ च्या घनकचरा नियमांनी भरावभूमीच्या तळाशी ९० सेंटिमीटर चिकणमाती व तिजवर दीड मिलिमीटर जाडीचे एचडीपीई प्लास्टिक अशी दुहेरी तजवीज सांगितली.

दुहेरी अशासाठी की दोहोंचे दोष भिन्न आहेत. मातीची पारगम्यता सेकंदाला सेंटिमीटरचा एक कोटीवा अंश याहून अधिक असता कामा नये, ही अट पाळली तरी, नुसत्या मातीवर ३० सेंटिमीटर पाणी साचल्यास हेक्टरी दररोज सुमारे साडेअकराशे लिटर पाणी खाली उतरते. प्लास्टिक अखंड असेतो पाण्याला दाद देत नाही. पण त्यास एक चौरस सेंटिमीटरचे छिद्र पडले व खाली खडी असली, तर तेवढ्यातून दिवसाला बारा हजार लिटरांहून अधिक पाणी निसटते. तेच छिद्र पडलेले प्लास्टिक चिकणमातीला घट्ट बिलगलेले असेल तर गळती जेमतेम अर्धा लिटर! मात्र बिलगणे कागदावर सोपे. काळे प्लास्टिक उन्हात चाळीस अंशांनी तापले की शंभर मीटरची पट्टी अर्ध्या मीटरहून अधिक लांबते, तिला सुरकुत्या पडतात, आणि त्या सुरकुतीखाली छिद्र आले की पाण्यास मोकळा पाट मिळून हिशेब पार बिघडतो. सबब प्लास्टिक झाकणारा थर सकाळच्या गारव्यात पसरावा, एवढी खबरदारी घेणारा मुकादम मला जाडीच्या आकड्यांहून मोलाचा वाटतो.

अलीकडे मातीऐवजी दोन कापडांत शिवलेली, सेंटिमीटरभर जाडीची, बेंटोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या मातीची चटई अंथरतात. ती मातीहून कितीतरी कमी पारगम्य असून मालमोटारींच्या खेपाही वाचवते, त्यामुळे कंत्राटदारांची लाडकी. परंतु बेंटोनाइटमधील सोडियमची जागा पाण्यातील कॅल्शियमने घेतली की तिचे फुगणे मंदावते व पारगम्यता वाढते. शिवाय टोल्यूइनसारखी द्रव्ये निर्दोष प्लास्टिकमधूनही, छिद्राची वाट न पाहता, रेणूरेणूने विसरित होतात. क्लोराइडला हे साधत नाही. टोल्यूइनच्या या प्रवासाला विलंब लावण्याचे सामर्थ्य पारगम्यतेत नसून मातीच्या जाडीत व तिच्या शोषणशक्तीत असल्याने, चटईखाली मातीचा भरघोस थर ठेवल्याविना तिला ९० सेंटिमीटरांच्या तोलाची मानणे मला मान्य नाही.