शुक्राणू गोठवून साठवण्याच्या पद्धती

केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी तरुण रुग्णाला वीर्याचा नमुना गोठवून ठेवण्याचा सल्ला देतात. उपचारानंतर शुक्राणूंची निर्मिती मंदावू शकते, कधी कायमची थांबते. हाताशी वेळ थोडा असतो, म्हणून पद्धत भरवशाची लागते.

नमुना द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंश सेल्सिअसला ठेवतात. तेथे पेशीतील रासायनिक क्रिया जवळजवळ थांबलेल्या असतात. त्यामुळे साठवणुकीची वर्षे वाढली तरी फारसे बिघडत नाही. शुक्राणू मरतात ते त्या तापमानाला जाताना आणि परत येताना. पुढील प्रत्येक पायरी याच दृष्टीने वाचा.

तापमान उतरू लागले की आधी पेशीबाहेरच्या पाण्याचा बर्फ होतो. उरलेल्या द्रवात क्षार दाटतात आणि परासरणाने पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. थंड करण्याचा वेग फार कमी असेल तर पेशी आक्रसते व दाट क्षारांत जास्त वेळ राहते. वेग फार जास्त असेल तर पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि आतच बर्फाचे स्फटिक होऊन पटले फाटतात. या दोहोंमधला वेग साधायचा असतो.

ग्लिसरॉल येथे उपयोगी पडते. 1949 मध्ये इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना कोंबड्याच्या शुक्राणूंवर काम करताना त्याचा गुण कळला, तोही बाटल्यांच्या लेबलांच्या गोंधळातून! 1953 मध्ये अमेरिकेत बंजी आणि शर्मन यांनी गोठवलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा झाल्याचे नोंदवले. ग्लिसरॉलमुळे बर्फ कमी बनतो आणि क्षारांची दाटी सौम्य होते. मात्र ते स्वतः थोडे विषारी आहे, म्हणून त्याचे मिश्रण वीर्यात थेंबाथेंबाने, हलवत मिसळतात.

नंतर नमुना स्ट्रॉ किंवा लहान कुप्यांमध्ये भरतात. बहुतेक प्रयोगशाळांत स्ट्रॉ काही मिनिटे द्रव नायट्रोजनच्या वाफेत आडव्या धरून मग द्रवात बुडवतात. संगणक-नियंत्रित यंत्राने ठरावीक वेगाने तापमान उतरवता येते, पण यंत्र महाग असते. तिसरी पद्धत काचीभवनाची. तीत अगदी छोटा थेंब थेट नायट्रोजनमध्ये टाकतात. थंडावा इतका झटपट मिळतो की स्फटिक बनतच नाहीत. मोजकेच शुक्राणू असतील तेव्हा ती उपयोगी, मोठ्या नमुन्याला नाही.

वितळवणेही तितकेच नाजूक आहे. सावकाश गरम केल्यास बारीक स्फटिक एकत्र येऊन मोठे होतात, म्हणून स्ट्रॉ साधारण 37 अंशांच्या पाण्यात ठेवतात. तरीही हालचाल करणाऱ्या शुक्राणूंपैकी निम्म्याच्या आसपास गमवावे लागणे नेहमीचे आहे. गोठवल्यावर एखादी स्ट्रॉ वितळवून पाहतात ती यासाठीच.

साठवणुकीत लक्ष ठेवायचे ते टाकीतील नायट्रोजनच्या पातळीवर. तो सतत उडून जातो, भर घालावीच लागते. फुटलेल्या स्ट्रॉमधून विषाणू दुसऱ्या नमुन्यात जाऊ नयेत म्हणून एचआयव्ही, हिपॅटायटिस यांची तपासणी आधी करतात आणि बाधित नमुने वेगळ्या टाकीत ठेवतात. भारतात 2021 च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार दात्याचे शुक्राणू 10 वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवता येत नाहीत. शास्त्रीयदृष्ट्या ते त्याहून अधिक टिकतात. मर्यादा कायद्याची आहे.

कर्करुग्णाचा नमुना कमकुवत दिसला तरी तो टाकून देऊ नये. इक्सी पद्धतीत एका स्त्रीबीजात एकच जिवंत शुक्राणू सोडावा लागतो. असा नमुना अनेक स्ट्रॉंमध्ये विभागून ठेवतात, म्हणजे प्रत्येक प्रयत्नासाठी एकच स्ट्रॉ वितळवावी लागते.