प्रतिस्पर्ध्याचे ऋण

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्यात पायाचे काम थोडे. लंबगोल चेंडू हाती घेऊन धावावयाचे किंवा तो फेकावयाचा आणि अडविणाऱ्यांची फळी फोडून पुढे सरकावयाचे, असा तो खेळ. विद्यापीठांच्या या सामन्यांना लोटणारी गर्दी केवळ विद्यार्थ्यांची नसते. अलाबामा राज्याचेच पाहा. राष्ट्रीय व्यावसायिक साखळीतील एकही संघ तेथे नाही. म्हणून टस्कलूसाचे अलाबामा विद्यापीठ आपले, की ऑबर्न विद्यापीठ आपले, याचा निवाडा बहुधा घरी, बालपणीच होऊन जातो. कॉलेजची पायरी न चढलेला मनुष्यही ‘आम्ही जिंकलो’ असेच म्हणतो.

या दोन संघांचा पहिला सामना १८९३ साली बर्मिंगहॅम येथे झाला. १९०७ चा सामना बरोबरीत सुटला. पुढे खेळाडूंचा भत्ता आणि पंचांची निवड यांवरून बोलणी फिसकटली आणि ४१ वर्षे दोघे मैदानावर समोरासमोर आले नाहीत. १९४८ साली खेळ पुन्हा सुरू झाला, तो अखंड चालू आहे.

नोव्हेंबर २०१० मध्ये २४ गुणांनी मागे पडलेल्या ऑबर्नने २८–२७ असा विजय मिळविला. विजयानंतर टूमर्स कॉर्नर या चौकातील जुन्या ओक वृक्षांवर कागदाच्या भेंडोळ्या उधळण्याची ऑबर्नची रीत आहे. जानेवारी २०११ मध्ये अलाबामाच्या एका चाहत्याने रेडिओवरील एका कार्यक्रमात, खरे नाव लपवून, दूरध्वनीवर सांगितले की, त्या झाडांना आपण विष घातले आहे. तपासणीत ते खरे ठरले. २०१३ साली त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याच वर्षी झाडे तोडावी लागली.

परंतु कथा येथे संपत नाही. झाडांवर विषप्रयोग झाल्याचे कळताच अलाबामाच्याच चाहत्यांनी त्यांच्यासाठी वर्गणी गोळा केली. पुढे २७ एप्रिल २०११ रोजी टस्कलूसावर भीषण चक्रीवादळ कोसळले, तेव्हा ऑबर्नचे चाहते संघटित होऊन मदतीस धावले.

स्पर्धा आणि वैर यांतील भेद येथे स्पष्ट होतो. वैऱ्याला समोरचा नाहीसा व्हावा असे वाटते. स्पर्धकाला तो पुढच्या वर्षी पुन्हा उभा हवा असतो. कारण समोर कोणी नसेल, तर आपल्या विजयाला साक्षीदार कोण? विष घालणाऱ्याने ती झाडे परक्यांची मानली. वर्गणी देणाऱ्यांना मात्र उमगले होते की, ज्या सामन्यासाठी आपण वर्षभर वाट पाहतो, त्याचा अर्धा भाग ऑबर्नचा आहे.

२०१५ साली त्या चौकात नवे ओक लावण्यात आले. अलाबामा आणि ऑबर्न आजही दरवर्षी, बहुधा नोव्हेंबरच्या अखेरीस, एकमेकांना हरविण्यासाठी जिवाचे रान करतात. आणि ते तसेच असावे.