जावास्क्रिप्टचा क्लास नक्कल करत नाही

यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा किंवा पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी आधी जावा शिकून जावास्क्रिप्टकडे आला, की ओळखीचे शब्द बघून निर्धास्त होतो. क्लास तोच, एक्स्टेंड्स तोच, सुपरही तोच. गोंधळ इथूनच सुरू होतो.

दोन्ही भाषांचं नातं मुख्यतः नावापुरतं. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्ट ही भाषा उभी केली. डिसेंबरात, जावाची चलती होती म्हणून, तिला हे नाव मिळालं. प्रोटोटाइपची, म्हणजे एका वस्तूने दुसऱ्या वस्तूकडून मेथड मिळवण्याची, कल्पना मात्र 'सेल्फ' या भाषेची, आणि तिच्यात क्लास नव्हतेच. जावास्क्रिप्टमध्ये क्लास लिहायची सोय आली जून २०१५ मध्ये.

समजा, बाजार समितीच्या हिशेबासाठी 'पीक' हा क्लास आणि त्यावरून 'कापूस' केला. (नावं देवनागरीत ठेवली तरी चालतात.) पीकमध्ये 'रक्कम' ही मेथड आहे: क्विंटल गुणिले भाव. एक्स्टेंड्स लिहिलं की ती कापूसमध्ये उतरते, असं बहुतेकांना वाटतं. उतरत नाही. ती पीकच्या प्रोटोटाइपवर एकाच जागी राहते. 'रक्कम' मागितली की शोध आधी त्या वस्तूत, मग कापूसच्या प्रोटोटाइपवर, मग पीकच्या. त्यामुळे चालू प्रोग्राममध्ये पीकच्या प्रोटोटाइपवरची मेथड बदलली, तर सकाळी बनलेल्या वस्तूही दुपारी नव्या पद्धतीने हिशेब करतात. हे करता येतं म्हणून करावं असं नाही; दुसऱ्याच्या कोडमध्ये दिसलं तर मी तरी कपाळाला हात लावतो.

हे ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात: क्लास म्हणजे जुन्या फंक्शनला दिलेला नुसता नवा मुलामा. तेही अर्धवट. क्लास 'न्यू'शिवाय बोलावला तर एरर येते, आतला कोड आपोआप स्ट्रिक्ट मोडमध्ये चालतो, आणि २०२२ पासून '#' लावलेली फील्ड्स बाहेरून खरोखरच दिसत नाहीत.

मॉड्यूलबद्दलही नकलेचाच समज आहे. 'भाव' एका फाइलमधून एक्स्पोर्ट केला आणि पुढे त्या फाइलने तो बदलला, तर इम्पोर्ट करणाऱ्या प्रत्येक फाइलला नवाच भाव दिसतो. त्यांना स्वतः मात्र तो बदलता येत नाही. दहा फाइलींनी इम्पोर्ट केलं तरी मॉड्यूल एकदाच चालतं.

एचटीएमएल फाइलवर डबल क्लिक केल्यावर इम्पोर्ट चालत नाही, तेव्हा बहुधा कोड बरोबर असतो. ब्राउझर मॉड्यूल थेट डिस्कवरून घेत नाही. लॅपटॉपवरच छोटा सर्व्हर सुरू करावा लागतो.