तुरीचा भाव कोठें ठरतो?

पौष महिना लागला, कीं छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी येथील मोंढ्यांत नवी तूर येऊं लागते. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दातांखालीं फोडून ओल अजमावतो आणि मग बोली सुरू होते. पाहणाऱ्यास वाटावें, कीं भाव येथेंच ठरला. वस्तुतः त्या बोलीवर ब्रह्मदेशांतील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील पिकाचीही छाया असते.

गहूं वा तांदूळ कमी पडला, तर तो विकणारे देश पुष्कळ आहेत. तुरीचें तसें नाहीं. जगांतील बहुतेक तूर भारतांतच पिकते आणि भारतांतच खपते. म्यानमार, मोझांबिक, मलावी, टांझानिया अशा थोड्याच देशांत ती निर्यातीसाठीं पेरली जाते, आणि तीही मुख्यत्वें भारतासाठीं. त्यामुळें भारतानें खरेदी वाढवली, कीं तेथील भाव चढतात. आणि भारतानें हात आखडला, कीं त्या मालास दुसरें मोठें गिऱ्हाईक उरत नाहीं.

दुसरी अडचण ऋतूंची. मराठवाड्यांतील शेतकरी मृगाच्या पावसानंतर तूर पेरतो, पुष्कळदां कपाशीच्या ओळींमध्यें, आणि ती हातीं येते डिसेंबर-जानेवारींत. पेरतांना त्याच्यापुढें गेल्या वर्षाचा भाव असतो. विकतांना मात्र यंदाचा भाव पदरीं पडतो. आयातीचा हुकूम एका दिवसांत निघतो. पीक महिन्यांच्या हिशेबानें चालतें. या दोन गतींचा मेळ बसला नाहीं, म्हणजे टंचाईसाठीं मागविलेला माल सुबत्तेच्या वेळीं दारांत येऊन उभा राहतो.

२०१५ ते २०१७ या काळांत हेंच घडलें. लागोपाठ दोन वर्षें पावसानें दगा दिल्यावर २०१५ सालीं शहरांतून तूरडाळ किलोस २०० रुपयांच्या घरांत गेली. २०१६ सालीं भारतानें मोझांबिकशीं करार केला : पहिल्या वर्षीं १ लाख टन आणि पुढें वाढत जाऊन २०२०-२१ पर्यंत २ लाख टन. परंतु त्याच वर्षीं पाऊस चांगला झाला आणि चढत्या भावाच्या आशेनें शेतकऱ्यांनींही तूर भरपूर पेरली. देशाचें उत्पादन २५ लाख टनांच्या आसपास होतें, तें ४८ लाख टनांवर गेलें. हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये असतां बाजारभाव त्याखालीं उतरला. महाराष्ट्रांतील खरेदी केंद्रांबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि बारदानही अपुरें पडलें. ऑगस्ट २०१७ मध्यें सरकारनें तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. त्या वर्षीं भाव कोसळल्याचा फटका मोझांबिकच्या शेतकऱ्यासही बसला. पुढें मे २०२१ मध्यें आयात पुन्हां मोकळी झाली. आणि २०२३ सालीं मोझांबिकच्या बंदरांत तूर अडकून पडली, तेव्हां येथील डाळ महागली.

स्वस्त डाळ हवी, ही गृहिणीची मागणी रास्त आहे. परंतु शेतकऱ्यास बुडविणारी स्वस्ताई फार दिवस टिकत नाहीं. यंदा ज्याची तूर हमीभावाखालीं गेली, तो पुढील मृगांत सोयाबीनकडे वळतो आणि मग तीच डाळ महाग होऊन स्वयंपाकघरांत परतते. म्हणून आयातीचें धोरण पेरणीपूर्वीं जाहीर व्हावें आणि हंगामभर तें बदलूं नये, यांत शेतकऱ्याचें आणि गृहिणीचें हित एकच आहे.

दुसरा उपाय शेतांतला. संभाजीनगर-जालना रस्त्यावरील बदनापूरच्या कृषि संशोधन केंद्रानें बीडीएन ७११ हा वाण तयार केला. तो सुमारें दीडशें दिवसांत तयार होतो. परतीचा पाऊस चुकला, तरी जमिनींतील ओल संपण्यापूर्वीं शेंगा भरतात. घरचें पीक जितकें भरंवशाचें, तितकी दूरच्या बंदरांकडे डोळे लावून बसण्याची वेळ कमी.