घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे

शेत विकत घेतांना आपला शेतकरी फार सावध असतो. तो सातबाऱ्याचा उतारा काढतो, फेरफार पाहतो, बांधावरून फिरून चतुःसीमा ताडून घेतो आणि विहिरीचें पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतें हें शेजाऱ्यास विचारतो. बैल घ्यावयाचा झाला तरी दांत पाहिल्यावांचून तो इसार देत नाहीं. परंतु तोच मनुष्य गांवठाणांतील जुनें घर घेऊं लागला म्हणजे घरपट्टीची एक पावती व मुद्रांकाच्या कागदावरील चार ओळी एवढ्यावर संतुष्ट होतो, आणि वीस वर्षांची शिल्लक दुसऱ्याच्या हातीं देऊन मोकळा होतो. असें घर पुढें कोर्टांत गेलें म्हणजे त्याची चूक त्यास कळते. पण तोपर्यंत पैसा गेलेला असतो. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करूं.

गांवठाणांतील घरास सामान्यतः स्वतंत्र सातबारा नसतो. त्यामुळें विकणारा ग्रामपंचायतीचा ‘नमुना नंबर ८’ पुढें करतो. हा नमुना म्हणजे कर-आकारणीची यादी होय. कोणत्या घरावर किती कर बसवावा व तो कोणाकडून वसूल करावा, एवढ्यासाठीं ती ठेवलेली असते. तींत नांव असणें हा ताब्याचा एक पुरावा होऊं शकेल. परंतु त्यानें मालकी उत्पन्न होत नाहीं, व नांव कमी झाल्यानें ती नष्टही होत नाहीं. तलाठ्याकडील ‘८-अ’ हा उतारा याहून अगदीं निराळा असून तो शेतजमिनीच्या खात्याचा असतो. दोहोंच्या नांवांतील साम्यामुळें पुष्कळांचा घोटाळा होतो, तो होऊं देऊं नये.

ज्या गांवठाणाची मोजणी झाली आहे तेथें भूमि अभिलेख खात्याकडून ‘मिळकत पत्रिका’ मिळते. पुष्कळ खेडीं अशा मोजणीवांचून राहिलीं होतीं. त्यांच्याकरितां केंद्र सरकारनें २४ एप्रिल २०२० रोजीं ‘स्वामित्व’ योजना सुरू केली व ड्रोनच्या साहाय्यानें गांवठाणांचे नकाशे तयार करण्याचें काम हातीं घेतलें. आपल्या गांवीं पत्रिका झाली असल्यास ती अवश्य पाहावी, व तींतील क्षेत्र प्रत्यक्ष जागेशीं ताडून घ्यावें. तथापि पत्रिकेंत नांव कोणत्या कागदावरून लागलें हेंही विचारावें. कारण नोंद ही हक्काची सांवली आहे, हक्क नव्हे.

मग हक्क कशानें मिळतो? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५४ व्या कलमाप्रमाणें १०० रुपये व त्याहून अधिक किंमतीची स्थावर मिळकत विकावयाची तर खरेदीखताची नोंदणी झाली पाहिजे. साठेखत हा पुढें विक्री करण्याचा करार असून केवळ त्यानें मिळकतींत हक्क उत्पन्न होत नाहीं. मुखत्यारपत्र, साठेखत व मृत्युपत्र अशी तिहेरी जोड देऊन विक्री उरकण्याची जी रीत पडली होती, तिनें मालकी मिळत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑक्टोबर २०११ रोजीं ‘सूरज लँप’ या प्रकरणांत स्पष्ट सांगितलें आहे. नोटरीचा शिक्का म्हणजेही नोंदणी नव्हे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार खतावर सही झाल्यापासून ४ महिन्यांच्या आंत तें दुय्यम निबंधकापुढें हजर करावें लागतें.

आतां सर्वांत मोठा धोका सांगतों. समजा, एका हिंदु गृहस्थानें स्वकष्टानें घर बांधलें व मृत्युपत्र न करतां तो वारला. त्याची आई पूर्वींच वारलेली होती. मागें पत्नी, ३ मुलगे व २ मुली राहिलीं. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणें या सहांपैकीं प्रत्येकाचा हिस्सा १/६ झाला. ग्रामपंचायतींत मात्र थोरल्याचें एकट्याचें नांव लागलें, व त्यानें तें घर १२ लाख रुपयांस विकलें. खताची नोंदणी यथासांग झाली, तरी घेणारास मिळालें काय? जेवढें थोरल्याचें होतें तेवढेंच. म्हणजे १२ लाख देऊन तो २ लाखांच्या हिश्शाचा धनी झाला. त्यांतही अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा घेणाऱ्या परक्या मनुष्यास त्या कुटुंबाबरोबर सामाईक ताबा मागण्याचा हक्क नाहीं. त्यानें वाटणीचा दावा लावला तर १८९३ च्या विभाजन अधिनियमाप्रमाणें घरांतील हिस्सेदार कोर्टानें ठरविलेल्या किंमतीस त्याचाच हिस्सा विकत घेऊं शकतो.

मुली सासरीं गेल्या म्हणजे त्यांचा हक्क संपला, ही समजूत अद्यापि पुष्कळ ठिकाणीं आहे. ती सोडून दिली पाहिजे. पूर्वीं भाऊ आपले हिस्से वेगळे करीपर्यंत बहिणीस राहत्या घराची वाटणी मागतां येत नसे. तें २३ वें कलम २००५ च्या दुरुस्तीनें काढून टाकण्यांत आलें. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींतही मुलीस मुलाप्रमाणेंच जन्मतः हक्क आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं स्पष्ट केलें आहे. म्हणून खरेदीखतावर सर्व वारसांच्या सह्या घ्याव्या, अथवा ज्यांस हिस्सा नको असेल त्यांचें नोंदणी केलेलें हक्कसोडपत्र आधीं पाहावें. एखादा वारस अज्ञान असून त्याच्या स्वतंत्र हिश्शाची विक्री होत असेल, तर पालकानें कोर्टाची परवानगी घेतली आहे किंवा नाहीं हें विचारावें.

यानंतर विकणाराकडे मूळ खत मागावें. नुसती नक्कल दाखविल्यास मूळ कोठें आहे तें विचारावें. कारण मूळ खत गहाण ठेवून कर्ज काढतां येतें. दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील ‘सूची क्रमांक २’ वरून मागील ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. घरांत भाडेकरू किंवा दुसरा कोणी राहत असेल तर तो कोणत्या हक्कानें राहतो हें त्याच्याच तोंडून ऐकावें. घरपट्टी, पाणीपट्टी व विजेची बाकी खतापूर्वीं भागवून घ्यावी. पैसे बँकेमार्फत द्यावे, व मोठी रक्कम खताच्या वेळींच द्यावी.

घर प्रत्यक्ष पाहावयाचें तें शक्य तर भर पावसांत पाहावें. पागोळीचें पाणी कोणाच्या अंगणांत पडतें, सांडपाणी कोठून वाहतें, भिंतींस ओल कोठवर चढते व वाशांस वाळवी आहे कीं नाहीं, हें उन्हाळ्यांत सहज लपतें. कडेची भिंत आपली कीं सामाईक, हें लिहून घ्यावें. बोळांतून शेजाऱ्याची वहिवाट असेल तर तिचीही चौकशी करावी. कारण उघडपणें, निर्वेधपणें व हक्क म्हणून २० वर्षें चाललेली वहिवाट १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानें कायम होते, व ती घर विकल्यानें बंद पडत नाहीं.

ज्यांस घर घ्यावयाचें नाहीं त्यांनींही हा लेख आपणांस लागू नाहीं असें समजूं नये. वडील वारल्यावर त्यांच्या घरास सर्व वारसांचीं नांवें लावून घ्यावीं, मूळ खत सुरक्षित ठेवावें व मोजणीचे वेळीं स्वतः हजर राहावें. आपल्या घराचे कागद आज नीट नसतील तर उद्यां आपलींच मुलें एकमेकांविरुद्ध कोर्टाच्या पायऱ्या चढतील. दुसऱ्याचें घर घेतांना जो प्रश्न आपण विकणाऱ्यास विचारावा, तोच प्रश्न एके दिवशीं सवड काढून स्वतःच्या घराविषयीं विचारून पाहावा.