सॉफ्टवेअर कंपनीतील नोकरी : समाधान आणि सल

१

आपल्या साहित्याने गिरणी पाहिली, रेल्वेचे वर्कशॉप पाहिले, नगरपालिकेचे सफाई खाते पाहिले, सरकारी कचेरीतले टेबलही पाहिले. या प्रत्येक ठिकाणी आपला माणूस कसा शिरला, तिथे त्याला काय मिळाले आणि काय सोसावे लागले, याची नोंद आपल्या कथा-आत्मकथनांतून झाली आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र आपल्या मुलामुलींचा एक लहानसा गट वेगळ्याच इमारतीत शिरला आहे. ती इमारत सॉफ्टवेअर कंपनीची. तिच्याविषयी आपल्यात दोनच प्रकारे बोलले जाते. एक कौतुकाने : ‘पोरगं हिंजवडीला लागलं.’ दुसरे तिरस्काराने : ‘पॅकेज मिळालं आणि चळवळ विसरला.’ कौतुक आणि तिरस्कार या दोहोंतून वास्तव कळत नाही. तिथे काम करणाऱ्याला त्या नोकरीत काय आवडते, काय खुपते आणि का, हे शांतपणे समजून घेतले पाहिजे. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथून बाहेर पडलेल्या मुलामुलींशी होणारे बोलणे आणि या विषयावर प्रसिद्ध झालेला अभ्यास, यांच्या आधारे ही मांडणी केली आहे.

२

प्रथम या धंद्याची रचना पाहू. टाटा कन्सल्टन्सी १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात, सात अभियंत्यांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर काढली. दोन वर्षांनी ती बंगळुरास गेली. १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाने आणि सरकारने उभारलेल्या सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांनी या धंद्याला बळ दिले. सन २००० च्या तोंडावर जगभरच्या संगणकांतील तारखांचा घोळ दुरुस्त करण्याचे प्रचंड काम निघाले आणि ते मोठ्या प्रमाणावर भारताकडे आले. आज या क्षेत्रात देशभर पन्नास लाखांहून अधिक माणसे काम करतात. एकट्या इन्फोसिसमध्ये तीन लाखांच्या वर, तर टाटा कन्सल्टन्सीत साडेपाच लाखांच्या वर कर्मचारी आहेत.

अशी कंपनी नेमके काय विकते? स्वतःची वस्तू विकणाऱ्या कंपन्या आहेत. परंतु आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या कंपन्या मुख्यतः माणसांचे तास विकत आल्या आहेत. परदेशातील बँकेला किंवा विमा कंपनीला एखादी प्रणाली बनवून किंवा सांभाळून हवी असते. कंपनी तिला माणसे पुरवते आणि त्यांच्या कामाचा दर लावते. त्या दरातून पगार व इतर खर्च वजा जाता उरतो तो नफा. म्हणून इतकी वर्षे कंपनी वाढणे म्हणजे माणसे वाढणे असा हिशेब होता. ज्याच्या कामाचे पैसे ग्राहकाकडून येतात तो कामाचा. ज्याच्या नावावर काम नाही तो ‘बेंच’वर. पुढच्या सगळ्या सुखदुःखांचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

३

आता आवडते काय ते पाहू. पहिली गोष्ट अर्थातच पगार. ज्या घरात बापाची मजुरी मुकादमाच्या मर्जीवर असे, त्या घरात महिन्याच्या ठरलेल्या दिवशी बँकेत रक्कम जमा होणे ही केवळ आर्थिक घटना नाही. त्यातून भावाबहिणींचे शिक्षण होते, गावाकडचे घर पक्के होते, सावकाराचे दार बंद होते. कर्मचाऱ्यांना पगाराबरोबर मालकीचा वाटा देण्याची प्रथाही या धंद्याने काही प्रमाणात रुळवली. इन्फोसिसने १९९४ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी समभागांची योजना आणली. अर्थात त्याचा मोठा लाभ आधी आलेल्यांना झाला, आणि आधी आलेले कोण होते हे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट शिक्षण. मोठ्या कंपन्या नव्या पदवीधरांना काही महिने पगार देऊन शिकवतात. इन्फोसिसचे म्हैसूरचे केंद्र यासाठी प्रसिद्ध आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात ज्याने संगणकापेक्षा संगणकाचे पुस्तकच जास्त पाहिले, त्याला ही संधी फार मोलाची वाटते. कंपनी वाढत असेल तर दोन-तीन वर्षांत लहान गट सांभाळण्याची जबाबदारी मिळते. सरकारी कचेरीत ज्येष्ठतेची रांग वीस वर्षे सरकत नाही. इथे ती सरकते.

तिसरी गोष्ट वागणुकीची, आणि आपल्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. इथे ‘साहेब’ म्हणायचे नसते. वरिष्ठालाही पहिल्या नावाने हाक मारतात. एका खाणावळीत सगळे जेवतात, एका बसने येतात. आणि यंत्राचा स्वतःचा एक न्याय असतो. लिहिलेली आज्ञावली चालते किंवा चालत नाही. ती कोणाच्या हातची आहे हे संगणक विचारीत नाही. माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, आयुष्यात पहिल्यांदा माझी चूक ही फक्त माझी चूक होती, माझ्या समाजाची नव्हती.’ पांढरपेशा वाचकाला या वाक्याचे वजन कळणार नाही. आपल्याला ते कळते.

४

मग खुपते काय? कंपनी लहान असते तेव्हा मालक प्रत्येकाला ओळखतो. वीसाची दोन हजार माणसे झाली की मध्ये अधिकाऱ्यांचे थर येतात, नियमावली येते, कामाचे वार्षिक मूल्यमापन येते. अनेक कंपन्यांत वर्षानुवर्षे अशी पद्धत राहिली की गटातील ठरावीक टक्केच उत्तम आणि ठरावीक टक्के निकृष्ट ठरवायचे. दहाच्या दहा जणांनी जीव तोडून काम केले तरी कोणीतरी तळाला बसलाच पाहिजे. तळाला कोण बसतो? ज्याची बाजू मांडायला वर कोणी नसतो तो. काही कंपन्यांनी ही पद्धत सोडल्याचे जाहीर केले. परंतु पद्धत कागदावरून गेली म्हणजे सवय जाते असे नाही.

दुसरी तक्रार वेळेची. ग्राहक अमेरिकेत जागा होतो तेव्हा आपल्याकडे रात्र पडते. दिवसाचे काम संपवून रात्रीच्या बैठकीला बसायचे, आणि हिंजवडीच्या वाहतुकीत दोन-तीन तास घालवायचे ते वेगळेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले. आपल्या वाचकांनी येथे एक जुनी नोंद आठवावी. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची कायदादुरुस्ती ज्या मजूरमंत्र्याने मांडली, त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

तिसरी तक्रार प्रारंभीच्या पगाराची. वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासचा आकडा मोठ्या कंपन्यांत दहा वर्षांहून अधिक काळ जवळपास तिथेच घुटमळत राहिला. मधल्या काळात पुण्यातील खोलीचे भाडे मात्र थांबले नाही. नोकरी सोडायची तर तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते; कंपनीला माणूस सोडायचा असेल तर बंद खोलीत राजीनाम्याचा कागद पुढे येतो. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. माणसे वाढवल्याशिवाय कंपनी वाढवण्याचे नवे तंत्र आता हाती आले आहे, आणि त्याची धास्ती प्रत्येक टेबलावर आहे. कर्नाटकात २०१७ मध्ये या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची युनियन नोंदवली गेली, पुण्यातही संघटना उभ्या राहिल्या. परंतु ‘आपण कामगार नाही, व्यावसायिक आहोत’ हा समज अजून बळकट आहे.

५

येथवरच्या तक्रारी सर्वांच्या आहेत. कंपनीच्या वार्षिक पाहणीत ज्यासाठी चौकटच नसते अशी एक तक्रार उरते.

पहिल्या नावाने हाक मारल्याने आडनाव पुसले जात नाही. नव्या माणसाला विचारले जाते : ‘कोणतं कॉलेज? रँक किती होता?’ हा प्रश्न गुणवत्तेचा दिसतो; बऱ्याचदा तो जातीचा असतो. दसऱ्याला संगणकाला हार घालतात, गणपती बसतो. त्याला ‘संस्कृती’ म्हणतात. चौदा एप्रिलची रजा मागितली की ‘ऑफिसात राजकारण नको’ असे उत्तर येते. आरक्षणाची चर्चा जेवणाच्या टेबलावर निघते आणि आपला मुलगा डब्यात मान घालून बसतो. तो भ्याड नसतो. त्याच्या मूल्यमापनाचा कागद समोरच बसलेल्याच्या हातात असतो.

वाढत्या कंपनीत जात शिरते ती दुष्ट हेतूनेच शिरते असे नाही. घाईने माणसे हवी असतात. म्हणून कंपनी आपल्याच कर्मचाऱ्यांना सांगते, तुमच्या ओळखीचे लोक सुचवा, बक्षीस देऊ. ओळख कोणाची कोणाशी असते? आपल्या समाजात ओळख ही नात्यातून, वस्तीतून, शाळेतून येते. आणि ही तिन्ही जातीने आखलेली आहेत. कोणीही जातीचा उच्चार न करता सारी भरती जातीच्या वाटेने होऊ शकते.

हा केवळ तर्क नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून खासगी क्षेत्रातील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता समान; फरक फक्त नावात. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. हा अभ्यास एकूण खासगी क्षेत्राचा होता. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवरून दाखवले की उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारणे त्यांना अगदी स्वाभाविक वाटते. बाप काय करतो, या प्रश्नाचे उत्तर आपल्या मुलाला अजून चाचरत द्यावे लागते.

सातासमुद्रापलीकडेही ही गोष्ट गेली. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य यंत्रणेने एका दलित अभियंत्याच्या तक्रारीवरून सिस्को कंपनी व तिच्या दोन भारतीय अधिकाऱ्यांवर दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये दोन अधिकाऱ्यांवरील दावा मागे घेण्यात आला, कंपनीवरील तेव्हा कायम ठेवण्यात आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल नगरपरिषदेने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक मात्र ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी नाकारले. निकाल काहीही लागो, ‘संगणकाच्या जगात जात नाही’ हे विधान आता पुराव्याशिवाय करता येणार नाही.

आणि त्याच काचेच्या इमारतीत खाली पाहा. फरशी पुसणारी बाई, स्वच्छतागृह धुणारा मुलगा, फाटकावरचा रखवालदार हे सारे ठेकेदाराचे. त्यांच्यासाठी ना समभाग, ना पहिल्या नावाची बरोबरी. तिथे आपले लोक किती आहेत हे मोजायला संशोधक लागत नाही.

६

१९२८ च्या गिरणी संपाची आठवण येथे अपरिहार्य आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याचा पगार चांगला. पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि स्पृश्य कामगाराला तो विटाळ वाटे. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू असल्याचे सांगितले. सॉफ्टवेअर कंपनीतील आपल्या मुलाचे दुःख या दोन्ही नावांशिवाय सांगता येत नाही. ७० तासांचा आग्रह एकीचा, जेवणाच्या टेबलावरचे मौन दुसरीचे.

म्हणून ही नोकरी सोडा असे कोणी सांगू नये. विणाई खात्याचे दार उघडण्यासाठीच तो लढा होता. आपण मागायचे ते तीन गोष्टींत सांगता येईल. कंपन्या वार्षिक अहवालात स्त्रियांचे प्रमाण छापतात. तसेच अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण छापावे, कारण जे मोजले जात नाही त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसांच्या कामाच्या ठिकाणी समिती सक्तीची केली. जातीय वागणुकीच्या तक्रारीसाठी तशीच समिती सक्तीची व्हावी. आणि खासगी क्षेत्रातील आरक्षणाचा प्रश्न उद्योजकांच्या ऐच्छिक आचारसंहितेवर सोपवून मिटत नाही, तो कायद्यानेच सुटला पाहिजे.

हे सारे बाहेरून होणार नाही. जो आत गेला आहे त्याने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याबरोबर युनियनमध्ये यावे, आणि त्याच युनियनमध्ये फरशी पुसणाऱ्या बाईचा प्रश्नही मांडावा. संगणक जात विचारीत नाही, हे खरे. पण संगणकाशेजारी बसवायचे कोणाला, हे अजून माणसेच ठरवतात.